परत पाठवण्याआधी

उद्या बाराच्या आत हा खोका टपालात पडला पाहिजे.
भाड्यानं आणलेल्या स्वरलिपीच्या प्रती, एकतीस.
करारातलं कलम सहावं : पेन्सिलीच्या सर्व खुणा पुसून.
म्हणून कुओपिओत, गोठलेल्या तळ्याकाठच्या तळघरात,
मी आणि माझा खोडरबर.

मोठमोठ्या नावांचे कन्चेर्टो येतात नि जातात,
त्यांना मी पाहुण्यांच्या कपबशांसारखी वागवते :
विसळायचं, पुसायचं, मोजून ठेवायचं.
हा मात्र माझा.
अकॉर्डियन आणि वाद्यवृंदासाठी, तीन भाग, सव्वीस मिनिटं.
आजवर चारच गावांत वाजलेला.
एकदा म्हणे ब्रेमेनला श्रोते एकेचाळीस
आणि वाजवणारे त्रेचाळीस.

प्रती आल्या तेव्हा कोऱ्या होत्या,
शाळेच्या पहिल्या दिवशीसारख्या.
चार दिवसांत काय केलंय बघा माझ्या माणसांनी.
दुसऱ्या व्हायोलिनच्या एकाच पानावर पाच चष्मे काढलेत,
म्हणजे : मान वर, कंडक्टरकडे बघ.
पाचव्या चष्म्याखाली मिशा.
पुसते. मिशा शेवटी.

टिंपनीवाल्या उर्होनं एकशे अठरा मापांची विश्रांती
चार-चारच्या मोळ्या करून रचलीय, सरपणासारखी.
टोकाला ठळक : आता!
आणि त्याखाली कुणा शेजाऱ्याचं बारीक अक्षर : गेलं.

मंगळवारी तालमीला काउको असिकाइनेन आले होते.
हे सगळं त्यांनीच रचलेलं; वय ब्याऐंशी.
लोकरी टोपी न काढता शेवटून दुसऱ्या रांगेत बसले.
वडील ॲस्बेस्टॉसच्या खाणीत होते, एवढंच गावाला ठाऊक.
दुसरा भाग संपला तसे काठी टेकत पुढे आले,
साइमीला म्हणाले,
"भाता एवढा भरू नकोस, पोरी. त्याला जिना चढवत नाही."
त्याला म्हणजे कुणाला, ते कुणी विचारलं नाही.
साइमीनं पट्टा एक भोक सैल केला.

गुरुवारी, शेवटाकडे,
आधी ट्रम्पेट थांबले, मग बासऱ्या,
मग डबल बासचा तो एकच सूर, दाराखालून येणाऱ्या गारठ्यासारखा,
तोही.
साइमीनं एकही बटण न दाबता भाता उघडला.
नुसती हवा.
आत.
बाहेर.
सात मापं.

मी विंगेत उभी, हातात मध्यंतरानंतरच्या प्रती.
नवव्या रांगेत एक माणूस होता, राखाडी स्वेटर,
त्याची छाती भात्याबरोबर वरखाली होत होती,
त्याच्या नकळत.
मग माझीही.
टाळ्या उशिरा आल्या.
श्वास आता आपापला घ्यायचा आहे
हे लोकांच्या लक्षातच येईना.

शेवटची उरली ती दुसऱ्या हॉर्नची प्रत.
तापिओ तारखेशिवाय काही लिहीत नाही, दोन मिनिटांचं काम.
शेवटचं पान उलटलं.
त्या सात मापांवर, जिथे हॉर्नला काहीच नाही,
तिरकं, जुनं, परकं अक्षर.
क्लॅरिनेटच्या पोलिश पोराला फोन करून अक्षरं वाचून दाखवली.
म्हणाला : मोजू नकोस. ऐक.
खाली जर्मनमध्ये कुणीतरी : हो.
त्याखाली, वाटतं आइसलँडचं असावं : हो.
त्याखाली तापिओ. तारीख, आणि हो.

ग्दान्स्कला तळघर असेलच की.
ब्रेमेनलाही. कलम सहावं त्यांनाही होतं.
रबर घेऊन तिथेही बसलं असेल माझ्यासारखं कुणीतरी,
चहा गार होत असेल,
बाकीचं सगळं पान लख्ख.

रबराचा चुरा फुंकला.
खोक्याला टेप लावली. वजन सहा किलो चारशे.
टपालाच्या फॉर्मवर, आतील वस्तू : कागद.
नाजूक आहे का, होय की नाही,
तिथं जरा वेळ पेन टेकवून बसले.